कडकबाईंच्या नावावरचं गोड बोलणं

माणूस कसा आहे ते त्याच्या कॉलरीवरून कळतं, असं कडकबाईंचं मत होतं, आणि त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत कधी बरं झालं नाही. मानेच्या घामाची पिवळी रेघ, बाहीला पुसलेलं नाक, खिशात विसरलेला आणि धुण्यात पसरलेला च्युइंगगम, चादरीवर सांडलेलं काय काय. हे सगळं रोज सकाळी त्यांच्या काउंटरवर येऊन पडायचं आणि आणून टाकणारा वर हसून म्हणायचा, "फार मळलेले नाहीत हो, नुसते खळबळून द्या."

बाई कपडा दोन बोटांनी उचलायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "हे मळलेलं नाही, तर मग मळलेलं म्हणजे कसं असतं ते एकदा दाखवा."

लॉन्ड्री कोपऱ्यावर होती. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. आत धुण्याची दोन यंत्रं, मागे वाफेचा बॉयलर, पुढे इस्त्रीचं लांब टेबल आणि त्याच्यावर जळकट वासाचं जुनं ब्लँकेट. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई दुकान विकतील. बाईंनी बॉयलर दुरुस्त करून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. इस्त्री कडक, कापडाला खळ कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून त्या सगळ्यांच्या कडकबाई झाल्या. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचंही.

पूर्वी कपड्यांची पावती कागदाची असे. लोक ती हरवायचे आणि मग काउंटरवर उभं राहून भांडायचे. त्यावर बाईंच्या मुलाने युक्ती काढली. कपडे आले की प्रत्येक कपड्याच्या आतल्या पट्टीला नंबराची चिंधी टाचायची आणि तोच नंबर गिऱ्हाइकाला फोनवर मेसेजने पाठवायचा. नंबर सांगितल्याशिवाय कपडे मिळणार नाहीत. लोकांनी कागद हरवणं सोडलं आणि मेसेज हरवायला सुरुवात केली. मग दिवसभर फोन, "बाई, माझा नंबर काय होता हो?" बाई चष्मा कपाळावरून खाली ओढायच्या, फोनमध्ये बघायच्या आणि आकडे खणखणीत वाचून दाखवायच्या. वर एखादा टोमणा. मग पुढचं गिऱ्हाईक. हातात इस्त्री असताना, तोंडात टाचणी असताना, दुसऱ्याशी भांडण चालू असतानासुद्धा त्या नंबर वाचू शकत. त्याचा विचार करावा लागत नसे.

या फोनमुळेच बाईंना आणखी एक काम लागलं. कपडे मिळेपर्यंत लोक काउंटरवर उभे असायचे, फोन चाळायचे आणि मध्येच कोणीतरी विचारायचं, "बाई, हे खरं असेल का हो?" तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. आज संध्याकाळी तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला. घरबसल्या व्हिडिओंना लाइक द्या आणि कमवा. पैसे मिळवण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा. बाईंना तंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस किती खोटं बोलू शकतो याचा त्यांना अनुभव होता.

"पैसे यायचेत तर तू कशाला स्कॅन करतोस? खिशात कोणी पैसे टाकताना तुझी सही घेतं का?" त्या म्हणायच्या. "पूस ते. आणि फोनपण पूस, तेलकट झालाय."

त्यांची कसोटी साधी होती. जो गोड बोलतो आणि गोड बोलता बोलता घाई करतो, त्याला काहीतरी हवंय. 'प्रिय ग्राहक' वाचलं की त्यांचा ओठ वाकडा व्हायचा. "मी कोणाची प्रिय? माझ्या आईने नाही मला कधी प्रिय म्हटलं." औषधवाला म्हणायचा, "बाई, तुम्हाला कोणी फसवायला गेलं तर तोच रडत परत येईल." बाई यावर हसायच्या नाहीत, पण तेवढा दिवस त्याचे शर्ट जरा मन लावून इस्त्री करायच्या.

दुकानाच्या वरच त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत बाई, दुसरीत मुलगा आणि सून. मुलगा मालाची गाडी चालवायचा. सून दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, लोकांना वेळा द्यायची आणि आत कोणी ओरडलं की बाहेरच्यांकडे बघून हसायची. घरी आल्यावर हसण्यासारखं काही नसायचं. बाई तिला छळत होत्या असं कोणी म्हणणार नाही. उपाशी ठेवलं नाही, हात उचलला नाही, माहेर काढलं नाही. पण लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' होतं आणि फार झालं तर 'ऐकू येतं का गं'. सून सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, टाकी भरायची, दोन्ही वेळचा ओटा तीच आवरायची, सुट्टीच्या दिवशी खाली येऊन बॉयलरच्या मागची काजळी खरवडायची. बाई येऊन बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "कोपरा राहिला."

सून आणि मुलगा वेगळी खोली घ्यायला पैसे साठवत होते. अनामत रकमेपुरते जमत आले होते. त्यांनी बाईंना सांगितलं नव्हतं, पण बाईंना माहीत होतं, कारण मुलाच्या पँटच्या खिशात खोल्या दाखवणाऱ्या एजंटचं कार्ड त्यांना सापडलं होतं. धुण्याआधी खिसे तपासायचे हा त्यांचा धंदाच. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं, पँट धुतली, इस्त्री केली आणि कार्ड परत त्याच खिशात घातलं. जायचंय तर जा. विचारायला मी जाणार नाही.

तो फोन आला तेव्हा सकाळची गर्दी होती. एक माणूस सुटासाठी भांडत होता, बॉयलर शिट्टी मारत होता.

"हॅलो, लॉन्ड्री का?"

"मग काय, राजवाडा? बोला."

"तुमच्याकडे मेसेजमध्ये एक नंबर आलाय बघा आत्ता. माझा आहे तो. वाचा लवकर."

"लवकर काय लवकर? मी काय इथे बसून आहे?"

"बसा नाहीतर उभ्या राहा, मला काय करायचंय? नंबर सांगा, मला पुढे जायचंय."

बाईंनी चष्मा खाली ओढला. नंबर होता. त्यांनी वाचला.

"शेवटचा शून्य की आठ?"

"आठ! कान धुऊन घ्या, आमच्याकडे त्याचे दर वेगळे आहेत."

पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंना त्यात काही खटकलं नाही. गिऱ्हाइकं असंच बोलतात. त्या माणसाच्या बोलण्यात चिमूटभर साखर असती, तर त्या जाग्या झाल्या असत्या. पण तो हरामखोर त्यांच्यासारखाच बोलला आणि त्या फसल्या. ते आकडे कपड्यांचे नव्हते, त्यांच्या मेसेजच्या खात्याची किल्ली होती. ती त्यांनी दोन माणसांच्या भांडणात मोठ्याने वाचून दाखवली आणि पुन्हा सुटाकडे वळल्या.

थोड्या वेळाने फोनवरचे मेसेज उघडेनात. बाईंनी फोन काउंटरवर आपटून पाहिला, मग झेरॉक्सवालीकडे दिला. "बघ गं याला काय झालंय." झेरॉक्सवाली तो बंद करत होती, चालू करत होती, पुन्हा बंद करत होती.

तेवढ्यात औषधवाला दुकान सोडून आला. "बाई, तब्येत कशी आहे?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?"

"नाही, तुम्ही दवाखान्यात आहात ना? मला मेसेज आलाय." त्याने वाचून दाखवलं. "'प्रिय दादा, मी दवाखान्यात आहे, मोठ्या अडचणीत आहे. कृपया थोडी मदत करा. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.'"

सुटवाला भांडण विसरून हसायला लागला. झेरॉक्सवालीने आपला फोन काढला आणि डोळे मोठे केले. "अगंबाई! मला 'लाडक्या ताई' म्हटलंय! बाई, तुम्ही मला काल 'कागद खाणारी वाळवी' म्हणालात."

मग एकेक जण यायला लागला. समोरच्या इमारतीतले वकीलकाका काठी टेकत आले. "मला 'कृपया' दिसलं तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "म्हटलं, या बाईने आयुष्यात हा शब्द वापरला असेल तर मी वकिली सोडतो."

"तुमची कुठे चालू आहे?" बाई म्हणाल्या आणि सगळे आणखी हसले.

मुलाला फोन गेला. त्याने गाडी वाटेत उभी करून काय झालं ते समजावलं आणि सगळ्यांना सांगायला लावलं की पैसे पाठवू नका. कोणी पाठवलेच नव्हते. बाईंना आतून किळस आली होती. आपल्या नावाने कोणीतरी लाचार होऊन गल्लीभर हात पसरतंय, ही कल्पना त्यांना अंगावर परक्याचा ओला टॉवेल पडावा तशी वाटत होती. पण लोक हसत होते आणि त्या हसण्यात एक प्रकारचा मान होता. त्या म्हणाल्या, "बघा. माझ्या तोंडाला नावं ठेवता ना? आज त्यानेच सगळ्यांना वाचवलं."

"बाई, या तोंडाचा विमा उतरवा," औषधवाला म्हणाला.

आणि तेव्हाच सून आली. दवाखान्याचा फिका निळा कोट अंगात तसाच, केस सुटलेले, पळत आलेली. दुकानात माणसं बघून ती दारातच थांबली. मग तिला इस्त्रीच्या टेबलामागे बाई उभ्या दिसल्या.

"आई!" ती म्हणाली. "तुम्ही इथे? तुम्ही बऱ्या आहात?"

तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. तो बाईंनी पाहिला. बाकीच्यांनीही पाहिला. मग तिला हळूहळू उमगत गेलं. तिने औषधवाल्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, झेरॉक्सवालीच्या हातात बाईंचा फोन पाहिला.

"मी फोन करत होते," ती म्हणाली. "बंद येत होता. मेसेजमध्ये लिहिलं होतं, बोलता येत नाही, तोंडाला नळी लावलीय. कुठल्या दवाखान्यात ते नव्हतं, म्हणून इथे विचारायला आले."

कोणी हसलं नाही. वकीलकाकांनी विचारलं, "पाठवलेस का गं?"

तिने हो म्हणून मान हलवली. किती, ते विचारायची गरज नव्हती. होते तेवढे सगळे. खोलीचे.

बाईंच्या हातातली इस्त्री कोणाच्या तरी बाहीवर तशीच राहिली आणि जळका वास सुटला. त्या ओरडल्या, "काय बघताय? तमाशा आहे का? चला, निघा!" लोक निघाले. त्यांनाही तिथून निघायचंच होतं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या खोलीत पंखा होता, पण वारा भिंतीला लागत होता. टेबलामागच्या साहेबाने सुनेच्या फोनवरून मेसेज उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि उतरवताना मोठ्याने वाचला. तपासाचा भाग म्हणून, पोस्टातल्या दरपत्रकासारखा.

"'बाळा, तू माझी सून नाहीस, मुलगी आहेस.' पुढे स्वल्पविराम नाही. 'मी कधी बोलले नाही पण मला सगळं दिसतं. घरात सगळ्यांचं तू करतेस, तुझं कोणी करत नाही. आज मला तुझ्याशिवाय कोणी नाही. मुलाला सांगू नकोस, तो घाबरेल.' मग पैशांचं. बरं." त्याने मान वर केली. "या सासूबाई?"

"हो."

"नेहमी अशाच बोलतात का?"

"नाही," सून म्हणाली.

"मग शंका नाही आली?"

"आली ना."

"तरी पाठवले?"

सुनेने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नेहमी बोलल्या असत्या तर एवढी धावले नसते. आधी चौकशी केली असती."

साहेबाने ते लिहून घेतलं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेत, थांबवायचा प्रयत्न करू, पण आशा धरू नका, असं तो म्हणाला. बाई शेजारच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. एवढी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे मळके कपडे काउंटरवर उलगडले होते. आज त्यांचं घर कोणीतरी टेबलावर उलगडत होतं, शिवणीपर्यंत.

घरी आल्यावर मुलगा बायकोवर तुटून पडला. "तुला अक्कल आहे का? आई आणि 'बाळा'? अगं, मला म्हणाली नाही ती कधी, मला! पोटच्या पोराला!"

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या.

"ओरडू नको काय? आपलं सगळं..." तो थांबला, कारण ते आईसमोर बोलायचं नव्हतं.

"खोलीचे होते, माहितीये मला," बाई म्हणाल्या. "खाली जा. बॉयलर बंद करायचा राहिलाय."

तो गेला. बॉयलर बंद होता, ते त्यालाही माहीत होतं. सून ओट्याशी उभी राहून आधीच घासलेलं भांडं पुन्हा घासत होती. बाईंनी हात पुढे केला.

"फोन दे."

तिने दिला. बाईंनी चष्मा ओढला आणि तो मेसेज स्वतः वाचला, हळूहळू, शब्दाखाली बोट धरून. साहेबाच्या तोंडून ऐकताना नुसती शरम वाटली होती. आता त्या एकेक शब्द दोनदा वाचत होत्या. त्या माणसाला या घरातलं काही ठाऊक नव्हतं. टाकी कोण भरतं, काजळी कोण खरवडतं, त्याला काय माहीत? असा मेसेज त्याने कितीतरी सासवांच्या नावाने कितीतरी सुनांना पाठवला असणार. दुकानात टांगलेला तयार कपडा, कोणालाही घाला. आणि इथे तो कुठेही उसवावा लागला नव्हता, कुठे टीप घालावी लागली नव्हती. अगदी मापाचा बसला होता. कारण बाईंना दिसत होतं. रोज दिसत होतं. ते सोडून राहिलेला एक कोपरा तेवढा त्या बोलून दाखवत होत्या.

"हे पूस," त्या म्हणाल्या. "शी. असली घाण फोनमध्ये ठेवायची नाही."

सून हात पुसत वळली. दवाखान्यात बसणाऱ्या मुलीचा, कुणालाही दुखू नये असा आवाज तिच्याकडे होता. आत्ता तो नव्हता.

"पुसते. पण हा पुसला तर त्या जागी दुसरा येणार आहे का, आई?"

बाईंच्या तोंडात टाचणी असल्यासारखे ओठ मिटले. बोलायचं होतं. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. पण कुठला? बाळा? ते त्याने वापरलं. मुलगी? तेही वापरलं. मला दिसतं, तुझ्याशिवाय कोणी नाही, सगळं त्याने आधीच तोंडात घालून बाहेर काढलं होतं. त्या नीच माणसाने पैसे नेले ते नेले, शब्दसुद्धा उष्टे करून गेला. त्यातला एकही आता बाईंना उचलवेना. उचलला असता तरी तिने तो कोणाचा म्हणून ऐकला असता?

"नव्या बॉयलरसाठी माझे बँकेत आहेत," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच फुटक्या कपासारखा. "उद्या दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढ. खोलीची अनामत भरून टाका."

सुनेने विचारलं, "हे तुम्हीच बोलताय ना?" आणि स्वतःच दचकली, कारण ती थट्टा नव्हती.

"मग काय भूत बोलतंय? जवळ ये, बघ. तोंडाला नळी आहे का?"

"म्हणजे आम्ही जावं असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं ते मरू दे!" बाई म्हणाल्या. "जायचं की राहायचं ते तुम्ही दोघं ठरवा. भांडून ठरवा, रडून ठरवा, माझ्या डोक्यावर बसून ठरवा. पण कोण कुठला हलकट, ज्याची कॉलरसुद्धा मी पाहिलेली नाही, तो माझ्या घरातलं ठरवणार नाही. त्याच्यामुळे तू इथे अडकून राहिलीस तर मला रोज तुझं तोंड बघून तो आठवेल. ते मला जमायचं नाही."

सून खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अर्धा दिवस मिळेल की नाही ते विचारावं लागेल. उद्या दोन दाढा काढायच्या आहेत."

"विचार. आणि ते पूस."

सुनेने फोन जवळ ओढून घेतला, पडद्यावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. बाईंना ते दिसत होतं. त्यांनी तोंड फिरवलं, ओट्यावरचं ओलं फडकं उचललं आणि ते पिळून पिळून पार कोरडं केलं. त्यातून पाणी यायचं थांबलं तरी त्या पिळत होत्या. मागून पुसल्याचा आवाज काही आला नाही. अशा गोष्टी पुसल्या तर आवाज येतो की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.